आमची माळ आणि दहा हजारांची माळ

आम्ही तळमजल्यावर राहतो, त्यामुळे दिवाळीत आमच्या गॅलरीतली लायटिंगची माळ म्हणजे सोसायटीबाहेरच्यांचीही मालमत्ता. गेल्या वर्षी वसुबारसेला लावलेली धनत्रयोदशीला गायब, आणि तीही एक्स्टेंशन बोर्डाचं बटण बंद करून नेलेली. (शिस्तीचा माणूस. आमच्या घरात एकजण बटण बंद करेल तर शप्पथ.)

यंदा म्हटलं बास. तपकीर गल्लीतनं नवी माळ घेतली आणि पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातनं एक बझर, ९ व्होल्टची बॅटरी, १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि बीसी ५४७ ट्रान्झिस्टर. दुकानदाराने विचारलं किती पीस, मी म्हटलं एक, त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून विचारलं, "मुलाचा प्रोजेक्ट का?" मी हो म्हणून टाकलं.

सर्किट अगदी सोपं, केसाएवढी बारीक तांब्याची तार माळेत गुंफायची, तार अख्खी आहे तोवर ट्रान्झिस्टर गपगार, तुटली की बझर बोंबलणार. बायको म्हणाली, "रात्री माळ आत घेतली तर नाही का चालणार?" याला काय उत्तर देणार!

पहिल्या रात्री अडीच वाजता बझर वाजला, मी लाटणं घेऊन धावलो, तर बोका. नरक चतुर्दशीला पहाटे चारला वाजला तेव्हा चोर मीच, तेल लावलेल्या अंगाने कंदिलाचा बल्ब घट्ट करायला गेलो नि तार तोडली. वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतनं वाकून म्हणाले, "बरं झालं हो, आमचा गजर वाजलाच नाही. पाडव्यालाही चारलाच लावा."

आणि लक्ष्मीपूजनाला आम्ही आत आरतीला उभे, बाहेर कोणीतरी दहा हजारांची माळ लावली, त्या धडामधुडुममध्ये आमची माळ गेली. बझर वाजत होता, इमानदारीत वाजत होता, पण आमचा आवाज आम्हालाच ऐकू येत नव्हता तिथे त्याचं काय. फटाके थांबल्यावर शेजारच्या काकू दारात, "अहो, ते तुमचं किरकिर बंद करा ना, आमचा कुत्रा कॉटखाली जाऊन बसलाय."

बाहेर जाऊन बघितलं तर बटण बंद केलेलं. मी स्वतः कामट्या बांधून केलेला आकाशकंदील मात्र जागच्या जागी. त्याला हातसुद्धा लावला नव्हता मेल्याने.