जीवाणू युरेनियम खात नाहीत, राव

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा तेच. पंजाबच्या माळव्यात (इंदूरचा माळवा नव्हे, भटिंडा-फरीदकोटचा) भूजलात युरेनियम असल्याची बातमी कुणीतरी टाकली आणि अर्ध्या तासात दोन तट पडले. एक म्हणतो, 'अमेरिकेत जीवाणूंनी युरेनियम खाऊन पाणी स्वच्छ केलं, आपण मात्र आरओ बसवत बसलोय.' दुसरा म्हणतो, 'जमिनीत जंतू सोडायचे? उद्या रोगराई पसरली म्हणजे?' अमेरिकेतलं ते प्रकरण घडलं कोलोरॅडोतल्या रायफल गावी. मी राहतो ग्रँड जंक्शनला, तिथून आय-सेव्हंटी महामार्गाने तासाभरावर. दोघांनीही माझं डोकं सारखंच फिरवलं.

जीवाणू युरेनियम खात नाहीत. आपण अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन शेवटी श्वासातल्या ऑक्सिजनच्या पदरात टाकतो. जिओबॅक्टर नावाचा हा जीवाणू राहतो तिथे ऑक्सिजन नसतो, म्हणून तो ते लोखंडाच्या गंजावर लादतो, आणि जवळ असलं तर युरेनियमवर. विरघळलेलं युरेनियम इलेक्ट्रॉन घेतं, विरघळेनासं होतं आणि मातीत बसतं. संपत नाही, बसतं. आणि जंतू बाहेरून आणून सोडलेच नव्हते. ते तिथल्याच मातीत होते, उपाशी. २००२ साली त्यांना अ‍ॅसिटेट, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचा क्षार, पाण्यातून पाजला, एवढंच. पन्नास दिवसांत काही निरीक्षण विहिरींत युरेनियम ठरवलेल्या मर्यादेच्या खाली आलं. फॉरवर्ड इथे संपतो. पुढे असं झालं की लोखंड कमी पडलं, सल्फेटवर जगणाऱ्या जीवाणूंनी जागा बळकावली आणि पाण्यातलं युरेनियम पुन्हा वाढलं.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. 'आमच्याकडे' काय काय होतं तेही ऐकवलं: दर विहिरीची नोंद, ती कुणालाही बघता येते, घर घेतानाच्या कागदांत अंगणातल्या मातीचाही दाखला. हे खरं आहे. पण रायफलची खरी साफसफाई जीवाणूंनी केली नाही, ट्रकांनी केली, हे मी लिहिलं नाही. तिथल्या युरेनियम गिरणीची, म्हणजे खनिजातून युरेनियम काढणाऱ्या कारखान्याची, उरलेली रेती नव्वदच्या दशकात उचलून एस्टेस गल्च नावाच्या जागी पुरली. आणि राहिलेलं भूजल १०० वर्षांपर्यंत आपोआप धुऊन निघू द्यायची सोय इथल्या नियमांतच आहे. ती परवडते, कारण ते पाणी कुणी पीत नाही.

माळव्यात पितात. तिथे गिरणी नाही, कुंपण घालता येईल असा तुकडा नाही, जिल्हेच्या जिल्हे आहेत. युरेनियम मुळात खडक-गाळातलं, पाण्यातलं बायकार्बोनेट त्याला विरघळवून धरून ठेवतं, त्यात खतांमधून उतरलेलं नायट्रेट. नायट्रेट समोर असेपर्यंत जीवाणू युरेनियमकडे ढुंकून बघत नाहीत, आणि बसलेलं युरेनियम नायट्रेटमुळे पुन्हा सुटतं. अ‍ॅसिटेट ओतणार किती आणि कुठे? शिवाय लोखंड विरघळवणारे हेच भाईबंद बंगालच्या गाळातून आर्सेनिक मोकळं करतात. म्हणजे जंतूंना घाबरणारा मित्र अगदीच चुकीचा नव्हता. घाबरला मात्र भलत्याच गोष्टीला. म्हणून तूर्त आरओ, मला नाक मुरडायचं काही कारण नाही. फक्त आरओने गाळून उरलेलं पाणी जातं कुठे, हे ग्रुपवर एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आणि आपली मर्यादा नेमकी कोणती धरायची? अणुऊर्जा नियामक मंडळाचे लिटरमागे ६० मायक्रोग्रॅम, की जागतिक आरोग्य संघटनेचे ३०?

इतकं सुनावल्यावर एकाने लिहिलं, 'तू गेलायस का रे रायफलला?'

नव्हतो गेलो. अकरा वर्षांत त्या एक्झिटवर शेकडो वेळा पेट्रोल भरलं असेल. शनिवारी गेलो. नदीकाठी सपाट माळ, गुडघाभर वाळकं गवत, जमिनीतून वर आलेली झाकणबंद नळकांडी. एकावर नंबर रंगवलेला, उन्हाने अर्धा उडालेला. वीस मिनिटं उभा राहिलो, कुणी हटकलं नाही. फोटो काढला, पण टाकला नाही. त्यात दिसण्यासारखं काही नव्हतं.

गाडीत बसून माझाच लांबलचक मेसेज पुन्हा वाचला. 'आमच्याकडे' दोनदा आलं होतं. एकदा कोलोरॅडोसाठी. दुसऱ्यांदा, 'आमच्याकडे लोक हे पाणी पितात', ते भटिंड्यासाठी, जे मी जन्मात पाहिलेलं नाही. पहिलं खोडून 'इथे' करावं म्हटलं, तर मेसेज बदलायची वेळ टळून गेली होती.