टेबलावर नोटा मांडून सर्व्हिस सुधारत नाही, मामा

गेले दोन महिने एक मेसेज फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीनदा आला, आणि तिसऱ्यांदा मामांनी टाकला, वर 'सर्वांनी जरूर वाचा' असं लिहून. तिन्ही वेळा मी गप्प बसलो. परवाच्या शनिवारी मात्र मामांनी तो भर हॉटेलात अमलात आणला. आता गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. 'टिप' ही 'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत, म्हणजे टिप असतेच झटपट सेवेसाठी. टिप जितकी मोठी तितकी सर्व्हिस चांगली, हे जगभर सिद्ध झालंय. अमेरिकेत सगळे वीस टक्के देतात म्हणून तिथली सर्व्हिस एक नंबर. वेटरचं पोट टिपवर चालतं, तेव्हा लगाम आपल्या हातात. आणि शेवटी एक 'युक्ती': बसल्याबसल्या शंभराच्या पाच नोटा टेबलावर मांडा, वेटरला सांगा की हे तुझे, पण चूक झाली की एक नोट मी उचलणार. मग बघा कसा पळतो!

या युक्तीपासूनच सुरुवात करतो, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर झाली.

मामांची साठी होती. आम्ही अकरा जण, ठाण्यातलं हॉटेल, रात्रीचे साडेआठ, बाहेर नंबर लावून बसलेली माणसं. आमच्या टेबलाला वीस-एकवीस वर्षांचा पोरगा होता. मामांनी पाकिटातून पाच नोटा काढल्या, पाण्याच्या ग्लासाखाली पंख्यासारख्या पसरल्या आणि मेसेजमधलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. पोरगा हसला. त्याला वाटलं, साहेब चेष्टा करतायत.

पहिली नोट गेली ती पाण्याचा दुसरा जग उशिरा आला म्हणून. दुसरी तंदुरी रोट्यांना वेळ लागला म्हणून. तिसरी, मामींच्या पनीरमध्ये कांदा निघाला म्हणून. प्रत्येक वेळी मामांनी ग्लास उचलून नोट काढली, घडी घालून खिशात ठेवली, आणि पोरगा ट्रे हातात धरून ते बघत उभा राहिला.

मी स्वतः २००६ ते २००८ दादरच्या एका हॉटेलात वेटर होतो. सकाळी सहाची पाळी आणि संध्याकाळी रात्रशाळा. त्यामुळे या तीन नोटांचा हिशेब मला मांडता येतो. आम्ही एका दमात बावीस रोट्या सांगितल्या होत्या. आमची केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, आत गेली तेव्हा पुढे चार टेबलांच्या ऑर्डरी होत्या. भट्टी एक, उस्ताद एक. उस्ताद नंबराप्रमाणे रोट्या लावतो. वेटर भट्टीसमोर जाऊन उभा राहिला म्हणून रोटी लवकर भाजत नाही, उलट तेवढा वेळ त्याची बाकीची टेबलं उघडी पडतात. कांद्याचं तर विचारूच नका. 'कांदा नाही' असं त्याने वहीत लिहिलेलं मी पाहिलं होतं. पण अशा हॉटेलांत ग्रेव्ही सकाळीच करून ठेवलेली असते, कांदा वाटून, परतून. संध्याकाळी त्यातून कांदा काढणार कोण? 'साहेब, ग्रेव्हीत कांदा असतोच' हे त्याने सांगायला हवं होतं, ही त्याची चूक मी मान्य करतो. पाण्याची दिरंगाईही त्याचीच धरा. पण त्या वेळी तो शेजारच्या टेबलावर सांडलेलं सार पुसत होता.

आणि नोटा उचलल्यावर सर्व्हिस सुधारली का? मी मुद्दाम लक्ष ठेवलं. सुरुवातीला तो येता-जाता आमच्या ग्लासांकडे बघायचा, न मागता ताक आणायचा. माझ्या चार वर्षांच्या भाचीने चमचा पाडला तेव्हा तिच्याशी दोन शब्द बोलून दुसरा देऊन गेला. तिसऱ्या नोटेनंतर त्याची नजर ग्लासाखालून हलेना. वाढताना दोन्ही हातांनी भांडं घट्ट धरायचा आणि पटकन मागे व्हायचा. भाचीने परत चमचा पाडला. त्याने नवा आणला, तिच्याकडे न बघता मामांकडे वळला आणि म्हणाला, "साहेब, हा माझ्या हातून नाही पडला."

मेसेज लिहिणाऱ्याला हे वाक्य ऐकवायला हवं. गिऱ्हाइकाकडे लक्ष द्यायचं ते पोराचं डोकं स्वतःची बाजू सांभाळण्यात गुंतलं. धाकाने माणूस चूक झाकायला शिकतो. चांगलं वाढायला त्याने शिकत नाही.

आता 'जगभर सिद्ध झालंय'. काय सिद्ध झालंय ते सांगतो, कारण या विषयावर खरंच अभ्यास झालेला आहे. कॉर्नेल विद्यापीठातले मायकेल लिन यांनी टिपवर वर्षानुवर्षं संशोधन केलं. त्यांनी आणि मायकेल मॅकॉल यांनी २००० साली १३ अभ्यास एकत्र करून तपासले. २० रेस्टॉरंट, अडीच हजारांहून जास्त टेबलं. गिऱ्हाइकांनी सर्व्हिसला किती गुण दिले आणि बिलाच्या किती टक्के टिप ठेवली, याची सांगड घातली. सहसंबंध निघाला ०.११ च्या आसपास. साध्या भाषेत, एका टेबलाची टिप दुसऱ्या टेबलापेक्षा कमी-जास्त का, याची शंभर कारणं धरली तर त्यातली दोनसुद्धा सर्व्हिसच्या वाट्याला येत नाहीत. आणि हा आकडा अमेरिकेचा, जिथे टिप मोजूनमापून दिली जाते.

मग टिप ठरते कशावर? सगळ्यात जास्त बिलाच्या आकड्यावर. हे मला कुणी प्राध्यापकाने सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे खाली इडली-वड्याची टेबलं होती आणि वर एसी. खाली चाळीस रुपयांच्या बिलासाठी पाच खेपा: पाणी, इडली, सांबार परत, चटणी परत, कॉफी. बडीशेपेच्या ताटलीत एक-दोन रुपये राहायचे. वर दोन खेपांत वीस-तीस. पाय खालच्या वेटरचे दुखायचे. वरचं टेबल कुणाला मिळायचं? जो जुना त्याला. जो चांगलं वाढतो त्याला, असं मी दोन वर्षांत पाहिलं नाही.

बाकी कारणं तर आणखी विचित्र. बिलासोबत एक छोटं चॉकलेट दिलं तर टिप वाढते. बिलाच्या मागे हसरा चेहरा काढला तर मुलीची टिप वाढली, पुरुष वेटरची नाही. खांद्याला ओझरता हात लावला तरी वाढते. हे सगळं प्रयोग करून पाहिलेलं आहे. आणि एक गोष्ट सरळ वाईट: लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात कृष्णवर्णीय वेटरना गोऱ्या वेटरपेक्षा कमी टिप मिळाली, सर्व्हिस तेवढीच चांगली असूनही. टिप जर सेवेचं मोजमाप असेल, तर या मापात कातडीचा रंगही मोजला जातो. असलं माप हातात घेऊन आपण एका पोराला शिस्त लावणार?

एक गोष्ट मात्र मला कबूल करावी लागेल, मनात नसलं तरी. रोजचं गिऱ्हाईक टिप देणारं असलं तर वेटर ते लक्षात ठेवतो. मीही ठेवायचो. कोपऱ्यातल्या टेबलावर रोज सव्वासातला एक गृहस्थ यायचे, पाच रुपये ठेवायचेच. त्यांची कॉफी मी आधी न्यायचो. मेसेज एवढ्यापुरता खरा आहे. पण त्यांची कॉफी आधी गेली म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी मागे राहिली. हात दोनच, पाय दोनच. पाच रुपयांनी हॉटेलातली सर्व्हिस वाढली नाही, एका टेबलावरून उचलून दुसऱ्यावर गेली. आणि हे फक्त रोजच्या गिऱ्हाइकाला लागू. फिरत्या गिऱ्हाइकाची टिप तर जेवण झाल्यावर कळते. जी गोष्ट नंतर कळणार, ती आधीच्या वाढण्यावर काय परिणाम करणार? म्हणूनच कुणीतरी ही नोटा आधीच मांडायची युक्ती काढली असणार, आणि तिचं काय होतं ते वर सांगितलं.

अमेरिकेचं थोडक्यात. तिथले लोक वीस टक्के देतात ते सर्व्हिसवर खूश होऊन नव्हे. तिथल्या केंद्रीय कायद्याने टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यायची किमान मजुरी तासाला २.१३ डॉलर ठेवली आहे. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिप धरूनही तासाचं पूर्ण किमान वेतन, म्हणजे ७.२५ डॉलर, भरत नसेल तरच उरलेले मालकाने घालायचे. म्हणजे तिथे पगाराचा मोठा भाग गिऱ्हाइकाच्या ताटलीत टाकलेला आहे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत ही सवलत नाही, मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, आणि तिथली हॉटेलं काही ओस पडली नाहीत. टिपशिवाय सर्व्हिस ढासळते म्हणणाऱ्यांनी जपानचं उत्तर द्यावं. तिथे टिपची पद्धतच नाही, आणि तिथल्या आदरातिथ्याचे गोडवे जगभर गायले जातात. हो, न्यूयॉर्कमध्ये हॉटेलमालक डॅनी मेयर यांनी २०१५ पासून आपल्या रेस्टॉरंटमध्ये टिप बंद करून पाहिली आणि २०२० मध्ये परत सुरू केली, हेही खरं. एका शहरात सगळे टिप घेत असताना एकट्याने थांबणं अवघड असतं. म्हणून मी टिप बंद करा असं म्हणत नाहीये.

'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस' वर वेळ घालवण्यासारखं काही नाही. 'देणे' या अर्थाने 'टिप' हा शब्द सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये चोरांच्या बोलीत होता. आद्याक्षरांची गोष्ट कुणीतरी मागाहून जुळवली. त्यात 'इन्शुअर' म्हणजे विमा उतरवणे. खात्री करणे म्हणायचं तर 'एन्शुअर' हवं, आणि मग शब्द होतो 'टेप'.

राहिलं 'वेटरचं पोट टिपवर चालतं'. अर्धं खरं आहे. टिपच्या पैशावर माझी शाळेची फी आणि लोकलचा पास निघायचा. पण यातून 'लगाम आपल्या हातात' हे कसं निघतं? आपल्या राज्यात हॉटेल कामगाराला किमान वेतन ठरवून दिलेलं आहे, आणि गिऱ्हाइकाने काय ठेवलं याच्याशी त्याचा संबंध नाही. टिप हा मालकाने दिलेला पगार नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये एका हॉटेल कंपनीच्या टीडीएसच्या, म्हणजे पगारातून कापायच्या कराच्या, खटल्यात म्हटलं आहे. पोराचा पगार कमी असेल तर जाब गल्ल्यावर बसलेल्याला विचारा.

आणि गल्ल्यावरून आठवलं. रविवारी मामांनी बिलाचा फोटो ग्रुपवर टाकला. जेवणाचे ८,४६० रुपये. खाली बारीक अक्षरात 'सर्व्हिस चार्ज १० टक्के: ८४६'. त्याखाली जीएसटी. मी फोन करून विचारलं तर मामा म्हणाले, "तो सरकारी टॅक्स असतो ना रे?"

नाही, मामा. तो टॅक्स नाही. तो हॉटेलने स्वतःसाठी लावलेला आकडा आहे. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं होतं. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि वर एकेक लाखाचा दंड लावला. बिलात ती ओळ दिसली की 'काढा' म्हणायचं. नाही काढली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची. ज्याने रोट्या आणल्या त्याचे तुम्ही तीनशे उचलले, आणि ज्याने गर्दीच्या रात्री एका पोराला एवढी टेबलं दिली त्याला न विचारता ८४६ देऊन आलात.

साठीच्या दिवशी तुमच्याशी वाद नको म्हणून मी तिथे काही बोललो नाही, याचं मला वाईट वाटतंय. येत्या शनिवारी मी त्याच बाजूला जातोय. त्या तीन नोटा माझ्याकडे द्या. त्याचं नाव मी विचारून ठेवलंय, त्याच्या हातातच देईन.