आधी तुमचं नेट तपासा म्हणे

स्ट्रीमिंग ॲपवर मॅचचं चित्र फुटतं, या माझ्या तक्रारीला आज दुपारी उत्तर आलं. "कृपया आपलं इंटरनेट कनेक्शन तपासा. ॲप बंद करून पुन्हा सुरू करा." बास, एवढंच. मी स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट, टीव्हीचं मॉडेल, मॅचची वेळ, स्क्रीनचा फोनवर काढलेला व्हिडिओ असं सगळं पाठवलं होतं. त्यातलं काहीही कुणी उघडलेलं नाही, हे उत्तरावरूनच कळतं. ॲपचं नाव घेत नाही. बाकीच्यांचीही तीच तऱ्हा आहे आणि तुमच्यातल्या निम्म्यांना हे उत्तर तोंडपाठ असणार.

एवढा संताप कशासाठी, ते सांगते.

2 नोव्हेंबर 2025, बायकांच्या क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. मी सांगलीला माहेरी होते. स्मृती मानधना आमच्या सांगलीची, त्यामुळे त्या दिवशी घरात दुसरा विषयच नव्हता. पावसानं मॅच उशिरा सुरू झाली, अप्पांनी रात्रीचं जेवणसुद्धा टीव्हीसमोर घेतलं. त्यांची कॅप्टन वोल्वार्ट शतक ठोकून उभी होती, आणि ती आहे तोवर आमच्या जिवात जीव नव्हता. आपल्या दीप्तीच्या बॉलवर तिनं उंच मारला. म्हणजे मारला असणार, कारण शेजारी डिश आहे, तिथे चित्र ॲपच्या आधी येतं, आणि तिथला आरडाओरडा आमच्याकडे बॉल पडायच्या आधीच आला होता. मग आमच्या स्क्रीनवर बॉल हवेत गेला, कॅमेरा त्याच्यामागे फिरला आणि चित्राचा पार चिखल झाला. हिरवे चौकोन आणि त्यातून पळणारा एक निळा डाग. अमनजोतच्या हातातून बॉल उडाला, परत उडाला आणि शेवटी तिनं तो धरला, हे आम्हाला रिप्लेत कळलं.

अप्पांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. म्हणाले, "मला बॉलच दिसंना झालाय गं. डोळा परत बिघडला वाटतं."

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. वर्ल्ड कप जिंकल्यावर गल्लीत फटाके वाजत होते आणि हा माणूस आपल्या डोळ्याची काळजी करत बसला होता. पुढच्या आठवड्यात मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नजर ठणठणीत आहे, उगाच घाबरू नका.

आता मला सांगा, नेट तपासायचं कुणी? अप्पांनी?

घरी फायबर आहे, शंभर एमबीपीएसचा (म्हणजे नेटच्या वेगाचा) प्लॅन आहे. 4के चित्राला 25 एमबीपीएस मिळालं तरी पुरतं. त्याच टीव्हीवर, त्याच नेटवर सिनेमा आरशासारखा दिसतो. मॅच सुरू झाली की चिखल. याचं कारण कुणी धड सांगत नाही म्हणून मी शोधत बसले, ते इथे लिहिते.

मॅच दाखवणं सिनेमापेक्षा कितीतरी अवघड असतं. सिनेमा आधीच सावकाश, नीट दाबून (म्हणजे कॉम्प्रेस करून) सर्व्हरवर ठेवलेला असतो. मॅच जिथल्या तिथे, त्या क्षणी दाबावी लागते. त्यात मैदानाचं गवत, मागे हलणारे हजारो प्रेक्षक, आणि बॉलच्या मागे सर्रकन फिरणारा कॅमेरा, म्हणजे चित्रातला कण न् कण बदलतो. तेवढं सगळं पाठवायला डेटा जास्त लागतो. तो दिला नाही की पहिलं गवत जातं, मग बॉल जातो. स्टुडिओत सूट घालून बसलेले तज्ज्ञ मात्र झकास दिसतात, कारण तिथे मागची भिंत हलत नाही. कोपऱ्यात दोन्ही वेळेला 'फुल एचडी' लिहिलेलं असतं. 1920 गुणिले 1080 ठिपके आहेत म्हणे. असतील! त्या ठिपक्यांत काय भरलंय त्याचं काय?

दुसरी गोष्ट तर मला माहीतच नव्हती, आणि कळल्यावर जास्त राग आला. आपल्याकडे टीव्हीचं प्रसारण 50 हर्ट्झच्या हिशेबानं चालतं, म्हणजे हालचाल सेकंदाला 50 वेळा टिपली जाते. स्ट्रीमिंगमध्ये कित्येकदा त्याची 25 चित्रं करून पाठवतात. ताशी 140 किलोमीटरचा बॉल 25 चित्रांत दाखवला, तर एका चित्रातून दुसऱ्यात जाईपर्यंत तो दीड मीटर पुढे गेलेला असतो. 50 असतील तर पाऊण मीटर. अख्खं पिच 20 मीटरचं. म्हणजे बोलरच्या हातातून सुटल्यापासून बॅटवर येईपर्यंत अप्पांना बॉल जेमतेम बारा-तेरा ठिकाणी दिसणार, आणि त्यातही अर्ध्या वेळेला गवतात विरघळलेला. आणि वर ते म्हणतात, डोळा बिघडला!

एकाच वेळी कोट्यवधी लोकांना मॅच दाखवणं सोपं नाही, हे मान्य. 2023 च्या फायनलला एका ॲपवर एका क्षणी 5.9 कोटी माणसं होती. कौतुक आहे त्यांचं. पण जाहिरात सुरू झाली की तीच स्क्रीन लख्ख होते, हे तुम्हीही बघितलंय की.

डिश परवडली, असं अप्पांचं आता ठाम मत झालंय. माझं पूर्ण नाही, पाऊस आला की डिशचा सिग्नल जातो आणि जून-जुलैत तर विचारूच नका. पण तिथे चित्र दर मिनिटाला वरखाली होत नाही आणि शेजाऱ्याच्या ओरडण्यानं विकेट कळत नाही.

त्या दिवसानंतर मी सांगलीच्या टीव्हीवर जे केलं आणि ज्याचा उपयोग झाला, ते सांगते. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर टाकली. बहुतेक टीव्हींचं लॅन पोर्ट 100 एमबीपीएसचंच असतं, पण मॅचला ते भरपूर झालं, आणि वायफायसारखी धरसोड नाही. वायर शक्य नसेल तर टीव्ही 5 गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडा. 2.4 वर सगळ्या बिल्डिंगची गर्दी असते, पण मध्ये दोन जाड भिंती आल्या तर 5 वालं पोचत नाही, तेवढं बघा. फोनची स्क्रीन मिरर करून मॅच लावू नका, चित्र फोनवर पुन्हा एकदा दाबलं जातं. पिक्चर मोडमध्ये 'व्हिविड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर काढा, त्यात गवत पोपटी होतं आणि आधीचे चौकोन आणखी उठून दिसतात. शार्पनेस खाली आणा. नॉइज रिडक्शन बंद करा, बारीक बॉल त्यातच पुसला जातो. हालचाल गुळगुळीत करणारं जे सेटिंग असतं, ते फार वर नेलं तर बॉलला शेपूट फुटतं.

आणि टीव्हीला वेगळी स्टिक किंवा बॉक्स लावला असेल तर हे नक्की बघा. त्यातले बरेचसे टीव्हीला कायम 60 हर्ट्झनं चित्र देतात. 50 चं चित्र 60 मध्ये कोंबलं की कॅमेरा फिरताना हिसके बसतात. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'मॅच फ्रेम रेट' अशा नावाचा पर्याय असतो, तो सुरू करा. नसेल तर मॅचपुरतं 50 हर्ट्झ करा. मला हे कुठल्याही कस्टमर केअरनं सांगितलं नाही.

एवढं करून चित्र सुधारलं. पूर्ण नाही, पण अप्पांना स्पिनरचा बॉल पडताना दिसतो आता. हे लिहिताना जरा शांत झालेय, खरं सांगते. पण सगळ्यांच्या अप्पांना वायर टाकून द्यायला कोण जाणार?

2007 पासून कायदा आहे की महत्त्वाचे सामने दूरदर्शनलाही द्यायचे, म्हणजे ते सगळ्यांना बघता यावेत. चांगला कायदा आहे. तसंच पैसे घेऊन मॅच दाखवणाऱ्यानं आत्ता सेकंदाला किती चित्रं आणि किती डेटा पाठवतोय ते स्क्रीनवर दाखवावं, अशी सक्ती का नको? दुधाच्या पिशवीवर फॅट छापलेलं असतं ना? मग दोष आमच्या नेटचा की त्यांचा, हे अप्पासुद्धा वाचून सांगतील. बाळ ज. पंडितांची कॉमेंट्री ऐकत क्रिकेटवर जीव लावलेला माणूस आहे तो. तेव्हा नुसत्या रेडिओवर त्यांना सगळं दिसायचं. आज भिंतीएवढा टीव्ही आहे, वर्षाचं पॅक भरलंय आणि कॅच दिसत नाही.

मी त्या तक्रारीला परत उत्तर लिहिलंय, सगळे स्क्रीनशॉट पुन्हा जोडून. तुमच्याकडे मॅच नीट दिसत असेल तर टीव्हीचं मॉडेल, वायर की वायफाय, आणि 50 हर्ट्झचा पर्याय कुठे सापडला, एवढं कमेंटमध्ये टाका. सगळं एकत्र करून मराठीत एक पान बनवते, घरच्या मोठ्यांना प्रिंट काढून देता येईल असं.