हलक्या चाकांचा जड प्रश्न

रोड बाइकला हलकी चाके घ्यायची, एवढा संकल्प करणे सोपे असते. परीक्षा सुरू होते ती ग्रॅमच्या राज्यात शिरल्यावर. सायकलीबरोबर आलेली माझी अ‍ॅल्युमिनियमची जोडी सुमारे 1900 ग्रॅमची, तर कार्बनची चांगली जोडी 1400च्या आसपास. या अर्ध्या किलोची किंमत ऐकून आईने “आत्ताच्या गाडीला चाकं नाहीत का?” असा मूलभूत प्रश्न विचारला.

जाणकार सांगतात की रिमवरचा एक ग्रॅम इतरत्रच्या दोन ग्रॅमसारखा असतो. हे वेग वाढवताना जवळपास खरे आहे, कारण रिम पुढेही जाते आणि फिरतेही. संथ, एकसारख्या चढावर मात्र ग्रॅम हा ग्रॅमच राहतो. मी, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून 90 किलो भरतो. सिंहगडाच्या चढाला पाऊण तास धरला, तर अर्धा किलो घटवून वाचतात जेमतेम 15 सेकंद. वर गेल्यावर पिठलं-भाकरी समोर येईपर्यंत याच्या कितीतरी पट वेळ जातो. शर्यतीतली सायकल 6.8 किलोहून हलकी नसावी, असा जागतिक संघटनेचा नियम 2000 सालापासून आहे. तो मी आजवर कसोशीने पाळत आलो आहे.

तरीही माहितीपत्रके वाचणे थांबले नाही. त्यांतील वजनात रिमची टेप आणि व्हॉल्व्ह बहुधा धरलेले नसतात; ‘कमाल वजन’ या रकान्यात मात्र स्वाराबरोबर कधी सायकल आणि सामानही मोजले जाते. पन्नास मिलिमीटर उंचीची रिम वारा कापते खरी, पण घाटाच्या वळणावर आडवा वारा आला की तोच वारा हँडल आपल्या मताने वळवू पाहतो. वीस स्पोकांच्या चाकाचे चित्र आमच्या मिस्त्रींनी बराच वेळ न्याहाळले आणि “एक स्पोक तुटला तर आऊट काढत, म्हणजे वाकडं चाक सरळ करत बसू नका, रिक्षा करा,” असा सल्ला दिला.

अखेर 24 स्पोकांची, 1550 ग्रॅमची अ‍ॅल्युमिनियमची जोडी ठरली. तिच्या हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचा टकटकाट दोन गल्ल्या ओलांडून ऐकू जातो, अशी तक्रार मी दुकानातच नोंदवली. दुकानदार शांतपणे म्हणाला, “साहेब, पेडल मारत राहिलं की आवाज येत नाही.”