खाऱ्या पाण्यातली पट्टी, गोड्या पाण्यातला लिलाव

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावात मामा तलावाच्या (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारीतल्या तलावाच्या) मासेमारीवरून सध्या दोन तट पडलेत. ढिवरांच्या, म्हणजे मासेमार समाजाच्या, संस्थेचा ठेका बंद करून जाहीर लिलाव करा, चार पैसे जास्त येतील, असं एकांचं म्हणणं. दुसरे म्हणतात, ठेका संस्थेकडेच राहू द्या, पण लहान मासोळी धरायला बंदी घाला. 2025 च्या एप्रिलमध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिल्यापासून तर तलावाकडे बघणारे डोळे वाढलेच. आणि दोन्हीकडची मंडळी मलाच फोन करतात, ‘तुमच्या तिकडं कसं असते जी?’

तिकडं म्हणजे टेक्सासमध्ये. सुटीच्या दुपारी मी आणि बायको गॅल्व्हस्टनच्या खाडीत मांडीभर खाऱ्या पाण्यात उभे असतो. कॉर्कखाली जिवंत झिंगा लावायचा, दोरी दूर फेकायची, मधूनमधून हिसका द्यायचा. कॉर्क टुप्पकन वाजतो आणि मासोळीला वाटतं, कोणीतरी शिकार साधली. भरती चढू लागली की कालवांच्या खडकांकडेने रेडफिश येते, शेपटीजवळ काळा ठिपका मिरवत. आम्ही बोलत नाही फारसं. बायको तलावाच्या पाळीवरच वाढलेली, गरी टाकायला तिला कोणी शिकवावं लागलं नाही. माझ्याआधी तिचीच दोरी ताणते.

परवा तिला अठरा इंची मिळाली. पट्टीवर मोजली अन् सोडली, कारण इथे वीस ते अठ्ठावीस इंचांमधलीच ठेवता येते, तीही दिवसाला माणशी तीन. अठ्ठावीसच्या वरची फक्त परवान्यासोबत मिळणाऱ्या टॅगवर. आमची संध्याकाळ म्हणजे गावची सकाळ, तेव्हा सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘एवढी मोठी सोडली? बिमार होती का?’

हा नियम चांगला आहे. अठ्ठावीस इंचांच्या आसपास पोचलेली रेडफिश जाणती होते, खाडी सोडून खुल्या समुद्राकडे जाते आणि पुढे अनेक वर्षं अंडी घालते. पोरं वाचवा, आयाही वाचवा, मधल्या खा. पण गावच्या मंडळींना मी याच्या आधीची गोष्टही सांगतो. 1981 साली टेक्सासने समुद्रातली रेडफिश विकायलाच बंदी घातली. त्यामागे जोर होता हौशी गळवाल्यांचा. मासोळी वाढली, खरं आहे. पण जाळ्यावर पोट असलेल्यांचा हा धंदा गेला. आता हॉटेलातली रेडफिश बहुतेक तळ्यात पाळलेली असते, आणि खाडीत माझ्यासारखे पगारदार पट्टी घेऊन उभे असतात. आम्हाला नियम पाळणं सोपं जातं, कारण रिकाम्या हाताने परतलो तरी घरी चूल पेटतेच.

शिवाय ही पट्टी आमच्या तलावात जशीच्या तशी चालतही नाही. रोहू, कतला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून दरवर्षी बीज विकत आणून सोडावं लागतं. त्या रोहूला इंचाचा कायदा लावून काय मिळणार? तलावातच वाढते ती मरळ आणि बारीकसारीक गावठी मासोळी. त्यांना हवं काठाचं गवत, देवधान (रानटी भात), पाण्यातली झाडोरी. तीच आज बेशरम नावाच्या तणाने गिळलीय, आणि उरलीसुरली गवत्या मासा (ग्रास कार्प) चरून टाकतो. ठेकेदार गवत्या सोडणारच, लवकर वाढतो ना.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो मामा तलाव आहेत, पुष्कळसे कोहळी समाजाने बांधलेले. 1950-51 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ काढायचा कोणी हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळतोय. मात्र आपल्याच भागातल्या काही गावांत ढिवर बायांनी बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा कोरडा तळ नांगरला, पाणवनस्पती लावल्या, आणि गावठी मासोळी परतली. टेक्सासचा दाखला मागण्याआधी मोटारसायकल काढून ती गावं बघून या की!

लिलावाच्या बाजूने बोलणाऱ्यांना माझा एकच सवाल आहे. जास्त बोली लावणारा बाहेरचा माणूस तळ नांगरायला मे महिन्यात उन्हात उतरणार आहे का? तसं करारात लिहून देत असेल, तर आपण पुढचं बोलू.