प्रतिक्रियेला उत्तर : गटे, लॉट्टे आणि ‘धादांत खोटा’ चित्रपट

महोदय,

जर्मन साहित्यिक गटे आणि त्याची तरुणपणीची प्रेयसी लॉट्टे (शार्लोट्ट बुफ) यांच्यावरच्या, फिलिप श्टोल्झ्ल यांच्या ‘गटे!’ (२०१०) या चित्रपटावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी शांतपणे वाचली, निदान तसा प्रयत्न केला. मतभेदाचे स्वागतच आहे. परंतु ‘चार जर्मन शब्द आले म्हणून कोणी जर्मन साहित्याचा जाणकार होत नाही’ या वाक्याने माझ्या कोणत्या विधानाचे खंडन होते, ते कळले नाही. पुण्यात जर्मन शिकत असताना शब्दकोश मांडीवर घेऊन ‘वेर्थर’ ही त्या प्रेमातून आलेली गटेची कादंबरी मी मुळातून वाचली आहे, आणि पुढे नोकरीनिमित्त हेसेन प्रांतात राहत असताना वेट्झलारचे लॉट्टेचे घरही पाहिले आहे. हे सांगण्याची वेळ आपण आणलीत, म्हणून सांगतो.

आपला मुख्य आक्षेप असा, की लॉट्टेचे लग्न आधीच ठरलेले असताना चित्रपट तसे दाखवत नाही आणि मी त्या खोटेपणाला दाद देतो. ९ जून १७७२ रोजी फोल्पर्ट्सहाउझेनच्या नृत्यसमारंभात गटे आणि शार्लोट्ट बुफ भेटले, तेव्हा केस्टनरशी तिचे ठरलेले होते, हे खरेच आहे. परीक्षण लिहिताना ते चरित्र सांगत बसण्याची गरज मला वाटली नाही. चित्रपटातली लॉट्टे मोकळी आहे, आणि गटेवर जीव जडल्यावर, घरची ओढाताण पाहून, ती केस्टनरला होकार देते. मागणी कशी घालावी हे न सुचणाऱ्या केस्टनरला गटे शब्द पुरवतो, मुलगी कोण याची त्याला कल्पनाही नसते. लग्न आधीच ठरलेले ठेवले असते, तर हा प्रसंग उभाच राहिला नसता.

शिवाय आपल्या न्यायाने पहिला खोटारडा खुद्द गटेच ठरतो. शार्लोट्टचे डोळे निळे होते. कादंबरीतल्या लॉट्टेला त्याने माक्सिमिलियाने ब्रेंटानो या ओळखीच्या दुसऱ्या तरुणीचे काळेभोर डोळे दिले. कादंबरीचा नायक वेर्थर याचा शेवट तर येरुझालेम या तरुण अधिकाऱ्याचा आहे, ज्याने ऑक्टोबर १७७२ मध्ये केस्टनरकडूनच पिस्तुले मागून घेऊन स्वतःवर गोळी झाडली. तो वृत्तान्त केस्टनरनेच गटेला लिहून पाठवला, आणि अंत्ययात्रेत एकही धर्मगुरू नसल्याचे त्यातले वाक्य कादंबरीच्या शेवटी जवळजवळ जसेच्या तसे उतरले. इतके पुरवूनही केस्टनरला आल्बर्टच्या, म्हणजे कादंबरीतल्या लॉट्टेच्या नवऱ्याच्या, रूपाने जे मिळाले, त्याने तो दुखावला, आणि १७८७ च्या आवृत्तीत गटेने ते पात्र थोडे सौम्य केले. तक्रारीचा अधिकार असलाच, तर तो केस्टनरला होता.

चित्रपटात द्वंद्वयुद्ध आणि तुरुंगवास ओढूनताणून आणले आहेत, हे आपले म्हणणे मात्र मान्य. खरा गटे ११ सप्टेंबरला निरोपही न घेता वेट्झलार सोडून गेला, आणि माझ्या मते ते अधिक बोलके आहे. केस्टनर हा हानोव्हरच्या शिष्टमंडळातला सचिव होता, चित्रपटात दाखवल्यासारखा गटेचा वरिष्ठ नव्हे, हेही आपण लिहू शकला असता, सुचले नसावे.

वेशभूषा, संगीत आणि गटे साकारणाऱ्या अलेक्झांडर फेलिंगचे ‘उथळ’ हसू हे ज्याच्या त्याच्या आवडीचे विषय आहेत. अखेरीस पुस्तकासाठी झुंबड उडते आणि आपले दुःख हातोहात विकले जाताना गटे पाहतो, त्या प्रसंगाबद्दल आपण अवाक्षरही काढलेले नाही. माझा निम्मा लेख त्यावरच होता.