दहा विजय, नऊ पराभव आणि आपला बुमरा

२०२५ ची इंग्लंडमधली कसोटी मालिका २-२ सुटली आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच हिशेब फिरू लागला. बुमरा खेळला त्या तीन कसोटींत दोन पराभव, एक अनिर्णित. तो नव्हता त्या एजबॅस्टन आणि ओव्हलवर विजय. म्हणे तो नसलेलाच बरा! अमेरिकेत, न्यू जर्सीत हे वाचून मला राग आला, कारण याच हिशेबाने इथल्या बेसबॉलमध्ये भल्याभल्या पिचरांवर, म्हणजे तिथल्या गोलंदाजांवर, अन्याय झालेला आहे.

इथे प्रत्येक सामन्याचा विजय आणि पराभव एकेका पिचरच्या नावावर लिहितात. स्वतःच्या फलंदाजांनी धावाच केल्या नाहीत, तरी पराभव त्याच्या खात्यात. १९८७ मध्ये ह्यूस्टनचा नोलन रायन नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, सरासरी २.७६ धावा देत होता. त्याच्या लीगमध्ये इतक्या कमी कुणीच दिल्या नाहीत. सर्वाधिक २७० स्ट्राइकआउटही (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) त्याचेच. खात्यात मात्र ८ विजय, १६ पराभव. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दुसऱ्याला गेला.

२०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाच्या जेकब डिग्रॉमची हीच सरासरी १.७० होती. २१७ इनिंग, २६९ स्ट्राइकआउट, आणि विजय-पराभव १०-९. त्याने सुरुवात केलेल्या ३२ सामन्यांपैकी १८ मेट्सने गमावले. तरी साय यंगसाठी ३० पैकी २९ मतदारांनी त्यालाच पहिली पसंती दिली. तीस वर्षांत इथले लोक एवढे बदलले, ते आकड्यांवर भांडून भांडून. याचं मला फार कौतुक वाटतं.

आणि आपण? क्रिकेटच्या धावफलकाने विजय कधीच एका गोलंदाजाच्या नावावर लिहिला नाही. तो शहाणपणा आपल्याकडे आयताच होता. लीड्सला बुमराच्या गोलंदाजीवर झेल सुटले, तरी पहिल्या डावात त्याने पाच बळी घेतले. लॉर्ड्सवर सामन्यात सात बळी घेतले, आणि १९३ चा पाठलाग करताना संघ १७० वर आटोपला, त्या डावातही तो ५४ चेंडू तग धरून उभा राहिला. हे पराभव त्याच्या खात्यात कसे? त्याआधी ऑस्ट्रेलियात १३.०६ च्या सरासरीने ३२ बळी घेतले, ती मालिकाही आपण १-३ हरलोच होतो. शिवाय ओव्हलवर सिराजने नऊ गडी टिपले, ते बुमरा नव्हता म्हणून, असं म्हणणं हा सिराजचाही अपमान.

बुमराने पाचपैकी तीनच कसोटी खेळण्याचा निर्णय योग्य होता का, यावर जरूर वाद घाला. तो खरा प्रश्न आहे. पण डिग्रॉम १६२ सामन्यांच्या हंगामात ३२ सामन्यांतच मैदानात उतरला, आणि इथे त्याला कुणी कामचुकार म्हटलं नाही. पिचरचा खांदा चार-पाच दिवसांची विश्रांती मागतो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. टीकाच करायची तर मँचेस्टरच्या डावावर करा. तिथे ११२ धावांत दोनच बळी मिळाले, आणि त्या धावा खरोखर बुमरानेच दिल्या.